ठमीसाठी एकशे चौदा कलमं

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा नम्रपणा बाजूला ठेवून खरं काय ते लिहीन.

मी पाळणाघरांचा आरोग्य आणि सुरक्षा तपासनीस. अनुभव एकोणतीस वर्षं. माझ्या वॉर्डात सतरा पाळणाघरं आहेत आणि सतराच्या सतरा माझ्या नावाने चळाचळा कापतात. तपासणीच्या फॉर्मात एकशे चौदा कलमं आहेत. ती मी झोपेतही म्हणून दाखवीन. झोपेतच जास्त म्हणता, असं आमची ही म्हणते.

मुद्दा असा. लेकीची रजा या महिनाअखेर संपतेय. एक ऑक्टोबरला ती रुजू झाली नाही तर तिच्या जागी दुसरं कोणी घेणार, असं तिच्या ऑफिसचं पत्रच आलंय. जावयाची नोकरी फिरतीची. म्हणजे ठमीला (वय दहा महिने, दात चार) पाळणाघरात ठेवणं आलं. काल जेवताना लेकीने विषय काढला, की कुठलं बरं पडेल. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? वीस तारखेपर्यंत वॉर्डातली सर्वात सुरक्षित जागा मी शोधून देतो. लेकीने विचारलं, बाबा, नक्की ना? म्हटलं, नक्की. ही उठून ताटं उचलायला लागली.

निश्चय : एक, रोज दोन पाळणाघरं बघायची. दोन, भावनेला थारा द्यायचा नाही. तीन, रोज सकाळी अर्धा तास चालायला जायचं.

७.१५. चालायला निघणार होतो. हिने बुटांच्या नाड्या धुवायला टाकल्यात. उद्यापासून.

४ सप्टेंबर, मंगळवार

पिवळ्या फाटकाचं पाळणाघर. अचानक तपासणी.

अचानक तपासणी हा माझा हातखंडा. या कानाचं त्या कानाला कळू देत नाही. फक्त मधुमेहामुळे आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, की उद्या साडेदहाला जो माणूस येईल त्याला बिनसाखरेचा चहा लागेल. नाव सांगत नाही. आणि तरीही शिस्त बघा. गेलो तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली, बारा मुलं ओळीत बसलेली, सांभाळणाऱ्या बाया हातमोजे घालून दारात उभ्या. धाक म्हणतात तो हा.

तरीही त्रेचाळीस दोष काढले. दाराची कडी एकशे चाळीस सेंटीमीटरवर हवी, ती एकशे अडतीसवर. हात धुवायचं पाणी एका अंशाने जास्त गरम. फाटकाला गंज. मग माझी नळी काढली. ही पारदर्शक नळी दोन वर्षांच्या मुलाच्या घशाइतकी रुंद असते. जी वस्तू तिच्यात मावेल ती मूल गिळू शकतं, सबब धोकादायक. रबरी हत्तीची शेपटी नळीत गेली. हत्ती बाहेर राहिला, पण नियम शेपटीलाही लागू आहे. पाळणाघराच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, म्हणाल्या की लोकांचा हत्ती जातो आणि शेपूट राहतं, तुमचं उलटंच. मी हसलो नाही. विनोदाला फॉर्मात रकाना नाही.

निघताना एक रांगणारं पोर माझ्या बुटावर येऊन बसलं आणि बराच वेळ बसून राहिलं. गुण दिले नाहीत. ठमीसाठी हे पाळणाघर बाद.

चालायला : पाय दुखत होते (बुटावर पोर).

६ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवसांत चार बाद. कामाचा वेग उत्तम.

जिन्याखालचं पाळणाघर : जिना. सशाच्या चित्राचं : भिंतीवरच्या सशाला तीन पाय. हे कलमात येत नाही, पण जे चित्रात पाय मोजत नाहीत ते मुलं काय मोजणार? तिसऱ्यात एक बाई मुलांना झोपवता झोपवता स्वतः पेंगत होत्या. चौथ्यात दोष सापडेना. तिथे जरा गडबड झाली.

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. चौथ्याच्या झोपायच्या खोलीत आठ पाळणे ओळीने. सगळी झोपलेली. एक जागी झाली, ठमीएवढीच. रडली नाही. नुसती उठून बसली आणि दाराकडे बघत राहिली. आता कोण येतंय, असं. मला तिथे ठमी दिसली. बाई लगेच धावल्या, तिला उचललं, सगळं नियमात. पण मला ते बघवेना. न बघवणं कुठल्याच कलमात बसत नाही, म्हणून पडद्याची दोरी लांब आहे असं लिहिलं आणि बाहेर आलो. दोरी तशी बरोबर होती.

१० सप्टेंबर, सोमवार

बाद झालेली : दहा.

पिवळ्या फाटकात फेरतपासणी. कडी दोन सेंटीमीटर वर गेलीय, शेपटी हत्तीला शिवून टाकलीय, फाटकाला रंग देणं सुरू आहे. चहा उत्तम. मोठ्या बाईंनी सहज विचारलं, की साहेब नातीसाठी जागा बघताहेत म्हणे, खरं का? गाव म्हणजे गावच. काही लपून राहत नाही.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आमच्याकडे वशिला चालत नाही. उलट कलम एकशे नऊ पाहा. ज्या पाळणाघरात तपासनिसाच्या नात्यातलं मूल असेल, तिथली तपासणी त्या तपासनिसाने करायची नाही. म्हणजे उद्या ठमी तुमच्याकडे आली तर मी तपासनीस म्हणून या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. माझ्या मार्गदर्शनाला तुम्ही कायमच्या मुकाल. केवढं नुकसान, याचा विचार करा.

बाईंनी मग हळूच विचारलं, कायमच्या? म्हटलं, कायमच्या. त्यांच्या हातातला कप बशीत वाजला. फार लागलं असावं मनाला. मग त्यांनी विषय बदलला. ठमीला काय आवडतं, झोपताना अंगाई लागते का, दात किती आलेत, असं बराच वेळ विचारत बसल्या. चांगली बाई. पण दोष ते दोष.

१२ सप्टेंबर, बुधवार

कीर्ती कशी पसरते ते सांगता येत नाही. कालपासून घरच्या फोनला उसंत नाही. वॉर्डातल्या एकूण एक पाळणाघरांचे फोन. ठमी आमच्याकडेच आली पाहिजे! जिन्याखालच्या बाई खिडकीजवळचा पाळणा देतो म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या की हवं तर जिना काढतो. सशाच्या चित्राच्या पाळणाघरात ठमीच्या नावाची खुंटी तयार आहे, आणि सशाला चौथा पाय आलाय. एका ठिकाणच्या मुलांनी कार्ड पाठवलंय, त्यावर ठमी लवकर ये असं लिहिलंय. अक्षर मोठ्या माणसाचं वाटलं.

एकोणतीस वर्षं कठोरपणे वागलो, त्याचं हे फळ. माणसं रागावत नाहीत, आदर करतात. आज ऑफिसात धाकट्या तपासनीस बाईंना हे सांगितलं. त्यांना एकदम खोकला आला. पाणी दिलं.

फोन ही घेते. फोनपाशी तिने एक वही ठेवलीय. प्रत्येकाचं म्हणणं शांतपणे लिहून घेते आणि शेवटी विचारते, की तुमच्याकडे अडीच वर्षांचं मूल चालेल का? जुळी चालतील का? आमच्याकडे जुळी नाहीत. बहुधा सभ्यता म्हणून विचारत असावी.

निश्चय : या मानाने हुरळून जायचं नाही. उद्या उरलेली पाळणाघरं. उद्यापासून चालणंही.

१६ सप्टेंबर, रविवार

सुटी. बाहेरच्यांना नावं ठेवायची तर आधी आपलं घर पाहावं, म्हणून घराची तपासणी केली. दिव्याखाली अंधार! सत्तावन्न दोष. टेबलाचे कोपरे टोकदार, औषधं हाताला येणारी, साबण फ्रीजशेजारी. हिच्या कानातल्या कुड्या नळीत गेल्या. हिला तसं लेखी दिलं, शेरा : सुधारणा आवश्यक.

हिने कागद वाचला. मग मला म्हणाली, की तुमचा तो काढता-घालता दात जरा त्या नळीत टाकून दाखवा. टाकला. गेला. अगदी तळाशी गेला. काढायला अर्धा तास लागला. त्या वेळात जावई आले, त्यांना नमस्कार करायचा होता, पण तोंड उघडता येईना. मान हलवली. जावई लेकीला विचारत होते की बाबा माझ्यावर रागावलेत का.

२० सप्टेंबर, गुरुवार

शेवटची मुदत. काम पूर्ण. सतराच्या सतरा बाद.

रात्रीच्या जेवणाआधी सर्वांना बसवून अहवाल वाचला. बावीस पानं. बारा पानांपर्यंत लेक ऐकत होती. मग ती म्हणाली, बाबा, अकरा दिवस राहिलेत. तुम्हाला ठमीसाठी जागा शोधायचीय, की जागा नाही हे सिद्ध करायचंय? तेवढं एकदा सांगा, म्हणजे मी राजीनामा लिहायला घेते. एवढं बोलून ती आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी नव्हती.

फार लागलं. सहा वर्षं मान मोडून तिने ही जागा मिळवली, हे मला माहीत नाही का? पण मी तोंडाने एवढंच म्हणालो की अहवालाला पुरवणी आहे. पुरवणी तेव्हाच सुचली. वॉर्डात सतरा पाळणाघरं नाहीत, अठरा आहेत. अठरावं म्हणजे आपलं घर! माझी एकशे चाळीस दिवसांची रजा शिल्लक आहे. ठमीला मी सांभाळणार. ज्याला एकशे चौदा कलमं पाठ, त्याच्याहून योग्य माणूस कोण? एकशे चाळीस दिवसांनंतर काय, असं हिने विचारलं. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची हिची जुनी सवय.

उद्या चाचणी. लेकीला ऑफिसात जाऊन यायचं आहे आणि हिला दातांच्या डॉक्टरांकडे. घरात मी आणि ठमी.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

८.३०. दोघी गेल्या. प्रौढ एक, तान्हं एक. नियमाने एका प्रौढाला तीन तान्ही चालतात. म्हणजे माझी दोन-तृतीयांश ताकद वाया जाणार.

८.४५. लंगोट बदलायला घेतला. कलम एकसष्ट : बदलायच्या जागेवर जंतुनाशक फवारून ती दोन मिनिटं ओली ठेवावी. कलम बासष्ट : बालकावरचा हात क्षणभरही काढू नये. कलम त्रेसष्ट : स्वतःचे हात धुतल्याशिवाय बालकाला उचलू नये. ही तिन्ही कलमं मी एकोणतीस वर्षं तपासतोय. तिन्ही एकाच वेळी पाळायची पाळी आज पहिल्यांदा आली.

९.१०. जागा ओली आहे. दोन मिनिटं ठमीला कुठे ठेवायचं, हे फॉर्मात नाही. खांद्यावर ठेवली.

९.१५. जागा वाळली. खांदा ओला.

९.२०. पुन्हा एकसष्टपासून.

१०.०५. दूध सदतीस अंशांवर हवं. थर्मामीटर घातला, एकोणचाळीस. थांबलो. पस्तीस. तापवलं. एक्केचाळीस. ठमीने जो सूर लावलाय तो पाहता समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले आहेत. त्यांना माझं तपासनिसाचं ओळखपत्र दाखवलं.

१०.३०. दिलं. तापमान माहीत नाही. ती प्यायली.

११.००. झोपली. कलम सत्तर : झोपलेल्या तान्ह्याचा श्वास दर पंधरा मिनिटांनी पाहून नोंद करावी.

११.१५. पाहिला. आहे. टॉर्च डोळ्यांवर गेला, जागी झाली.

११.४०. झोपवली.

११.५५. पाहिला. आहे. जागी झाली.

१२.१०. या खेपेला पाहायचं नाही असं ठरवलं.

१२.१२. पाहिला.

१२.४०. आता ती झोपायचं नाव घेत नाही. माझ्याशेजारी बसून फॉर्मशी खेळतेय. अगदी शांत. वाचनाची आवड आमच्या घराण्यातच आहे. मी पाच मिनिटं डोळे मिटून लक्ष ठेवतो.

संध्याकाळी ६.३०. दुपारी दोन वाजता दोघी परत आल्या तेव्हा मी बसल्याजागी आडवा होतो आणि ठमीने कलम एक्केचाळीस ते अठ्ठावन्न खाल्ली होती. पूर्ण पान. नेमकं, बालकाच्या तोंडात जाऊ शकणाऱ्या वस्तूंबद्दलचं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कागदाने काही होत नाही, आपल्या वाटेने जाईल, पाणी पाजत राहा. फॉर्मवर शाई कुठली वापरतात हे त्यांनी विचारलं. एकोणतीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. दोन तास मी तिला चमच्याने पाणी पाजत होतो. ठमी मात्र हसत होती, आणि चार दातांत एक निळा ठिपका दिसत होता.

ही म्हणाली, पोरीने एका बैठकीत अठरा कलमं पचवली, तुम्हाला एवढ्या वर्षांत पचली नाहीत. लेकीने ठमीला उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर, शनिवार

ठमी ठणठणीत. कलमं सकाळी बाहेर आली. वाचण्याजोगी नव्हती.

दुपारी दोघी ठमीला घेऊन कुठेतरी जाऊन आल्या. बाजारात, असं ही म्हणाली. दोन तासांनी रिकाम्या हातांनी परत आल्या. लेक आठवडाभरात पहिल्यांदा गुणगुणत होती. ठमीच्या तळहाताला ताजा पिवळा रंग लागला होता. कुठे लागला म्हणून विचारलं, तर दोघींनाही ऐकू आलं नाही.

निश्चय : सोमवारी रजेचा अर्ज. शुक्रवारच्या त्रुटी किरकोळ होत्या. पाच मिनिटं डोळे मिटण्याऐवजी एकेक डोळा आळीपाळीने मिटायचा.

२४ सप्टेंबर, सोमवार

रजेचा अर्ज घेऊन मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांनी तो न वाचताच मला एक पत्र दिलं. पिवळ्या फाटकाचं. आमच्याकडे तपासनीस साहेबांची नात दाखल झाली आहे, एक तारखेपासून येईल, तरी कलम एकशे नऊप्रमाणे योग्य ती कार्यवाही व्हावी. सोबत लेकीच्या सहीची प्रत.

त्रेचाळीस दोषांचं पाळणाघर! घरी येऊन जाब विचारला. लेक म्हणाली, बाबा, ठमीला तिथे खाली ठेवलं तर ती सरळ मोठ्या बाईंकडे रांगत गेली आणि त्यांच्या पदराला धरून उभी राहिली. पहिल्यांदा उभी राहिली. मी आणखी काय बघायचं होतं?

ठमी उभी राहिली आणि मी तिथे नव्हतो. उंची मोजून घ्यायला हवी होती.

अर्ज परत घेतला. सोळा पाळणाघरं अजून आहेत. वॉर्डाला माझी गरज आहे.

२६ सप्टेंबर, बुधवार

जिन्याखालच्या पाळणाघरात अचानक तपासणीला निघालो होतो. चहाचा फोन केला, तर बाई गोड आवाजात म्हणाल्या की साहेब, आता कशाला त्रास? तुमच्या साडूंची नात सोमवारपासून आमच्याकडेच आहे ना.

ऑफिसात गेलो तर मॅडमच्या टेबलावर गठ्ठा. सोळा पत्रं. सगळी कलम एकशे नऊ. सशाच्या चित्राकडे हिच्या भाच्याची जुळी. एकीकडे माझ्या मावसभावाचा नातू, अडीच वर्षांचा. एकीकडे जावयाच्या आतेबहिणीची मुलगी. चार-पाच मुलं तर मी कधी पाहिलेलीही नाहीत, पण नातं खरं आहे. मॅडमनी शांतपणे वंशावळ मागवली होती. हिच्या अक्षरात होती.

घरी हिला विचारलं. म्हणाली, लोक एवढ्या आग्रहाने बोलावत होते. तुम्ही सगळ्यांना नाही म्हणालात, म्हणून मी सगळ्यांना हो म्हटलं. दोन वर्षं जागा मिळत नव्हती पोरांना, आया किती खूश आहेत माहीत आहे?

धाकट्या तपासनीस बाईंकडून आणखी एक कळलं. परवा पिवळ्या फाटकात सगळ्या पाळणाघरांच्या बाया जमल्या होत्या. मोठ्या बाईंनी सर्वांना चहा पाजला, दोन-दोन चमचे साखर घालून. हशाचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता म्हणे.

माझ्यावाचून जी पोकळी निर्माण झाली, तिचं दुःख माणसं अशी हसून लपवतात.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

माझा वॉर्ड धाकट्या तपासनीस बाईंकडे गेला. मला विशेष जबाबदारी. ऑफिसातल्या आग विझवायच्या नळकांड्यांची तपासणी. एकूण नळकांडी दोन. त्यांपैकी एकाला सुधारणा सुचवली. दुसरं सोमवारी, अचानक.

३० सप्टेंबर, रविवार

उद्या. लेकीने ऑफिसचे कपडे इस्त्री करून ठेवलेत. तीन वेळा केली इस्त्री.

मी पिवळ्या फाटकासाठी नऊ पानी सूचना लिहिल्या. ठमी कुठल्या कुशीवर कलते, कुठल्या आवाजाला दचकते, रडायच्या आधी खालचा ओठ कसा काढते. सहाव्या पानावर मला समजलं की हे सगळं मला माहीत आहे. कधी शिकलो कोण जाणे.

लेकीला धीर दिला. अनुभवाने सांगितलं की पहिल्या दिवशी मूल आकांत करतं, अशा वेळी मोठ्यांनी घट्ट राहायचं, मागे वळून पाहायचं नाही. मी रजा टाकलीय. ठमी रडेल तेव्हा जवळचं कोणी असावं म्हणून पहिला तासभर दारात थांबेन. तपासनीस म्हणून नाही, नियम माहीत आहे. केवळ भक्कम आधार म्हणून.

१ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १२.३०

नऊ वाजता गेलो. लेक, ही, मी आणि ठमी. मोठ्या बाईंनी सूचनांची नऊ पानं दोन्ही हातांनी घेतली आणि वाचीन म्हणाल्या. मी ठमीला घट्ट धरलं होतं. बाईंनी हात पुढे केले. ठमीने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्याकडे झेपावली. मग खाली उतरून मुलांच्या घोळक्यात रांगत गेली. मागे वळून पाहिलं नाही. ओठ काढला नाही. लेकीचे डोळे भरले, पण ती हसत होती. माझ्या हातावर थोपटून म्हणाली, निघते बाबा, आणि वेळेवर कामाला गेली. सगळं ठरल्याप्रमाणे.

त्यानंतर माझ्या डोळ्यांत जंतुनाशक गेलं असावं. प्रमाण जास्त असणार. चष्मा पुसला तरी उपयोग होईना. मला आत नेऊन एका छोट्या खुर्चीवर बसवलं. तीनेक वर्षांची एक मुलगी माझ्यापाशी आली, आणि रडू नको, तुझी आई संध्याकाळी येते, असं सांगून गेली. माहिती चुकीची होती, पण सांगण्याची पद्धत योग्य होती.

थोड्या वेळाने मोठ्या बाईंनी नोंदवही काढली. नियमच आहे, अर्ध्या तासाच्या वर कोणी रडलं तर नोंद करावी लागते. सवयीने मी ती मागून घेतली आणि वाचली. वेळ : नऊ दहा. कोण : ठमीचे आजोबा. वय : सत्तावन्न वर्षं. काय झालं : घरचं माणूस सोडून गेल्याने रडू आलं. किती वेळ : पस्तीस मिनिटं. काय केलं : पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, खुळखुळा दिला, घेतला नाही.

अक्षर स्वच्छ. खाडाखोड नाही. एकही गोष्ट खोटी म्हणता येईना. दोष सापडतो का म्हणून खालपर्यंत नजर फिरवली, तर शेवटी सापडलाच. पालकाच्या सहीचा रकाना कोरा होता. तसं मी बाईंच्या ताबडतोब लक्षात आणून दिलं.

बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, आणि त्यांनी बाहेरून हिला बोलावून घेतलं. हिने चष्मा लावून नोंद नीट वाचली, पालक म्हणून सही केली आणि माझा हात धरून मला घरी घेऊन आली.